हा माल जाणार नाही

पाण्याचा पेला हातात दिला की आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका आधी त्याच्या काठावर नखाने टिचकी मारत. पेला कानाशी नेत, डोळे अर्धवट मिटत आणि मग कुठे पाणी पीत. कधी कधी पीतच नसत. "ह्याला तळाशी बारीक चीर आहे. हा माल जाणार नाही," असं म्हणून पेला परत देत. घर दुसऱ्याचं, पाणी दुसऱ्याचं, निकाल मात्र यांचा. त्यांनी नापास केलेला आमचा एक पेला अजून रोजच्या वापरात आहे. थेंबभरही गळत नाही.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात काका चेकर होते. समोरून वाट्या, पातेली, डबे सरकत जायचे आणि हे टिचकी मारून पास-नापास करायचे. सगळी नोकरी याच कामात गेली. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा निवृत्त माणूस असेल, ज्याची नोकरी संपली तरी खोड संपत नाही. जिन्यात भेटला तर तो तुमच्या घराच्या बेलचा आवाज बसलाय असं सांगतो. बेल खरंच बसलेली असते, पण आपल्याला त्याचं काही नसतं.

गिरगावात राहत असताना काका एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. लग्न झालं, इकडे जागा घेतली आणि गिटार खोळीत जाऊन माळ्यावर पडली. निवृत्तीनंतर ती खाली आली. नव्या तारा चढवून झाल्यावर काका माझ्याकडे आले. मी घरूनच काम करते, हेडफोन लावून लोकांची बोलणी ऐकायची आणि टाइप करायची. त्यामुळे रेकॉर्डिंगमधलं मला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता.

"मला एक धून रेकॉर्ड करायची आहे," ते म्हणाले. "माझी स्वतःची. मशिनांच्या खडखडाटात मनातल्या मनात केलेली. बोटं चालतायत तोवर एकदा नीट व्हायला हवी." डाव्या हाताचं एक बोट सकाळी लवकर वळत नाही, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, बेलबद्दल सांगावं तसं.

स्टुडिओ परवडणार नव्हता. मोठा स्पीकर घरात लावायची सोय नव्हती, कारण एकदा कुणाचा तरी मागून आणला तर सेक्रेटरी स्वतः वर आले होते. मग आम्ही जुळवाजुळव केली. काकांच्या मुलीचा जुना लॅपटॉप, गिटारची वायर त्याला जोडणारी एक छोटी डबी, फुकटचं सॉफ्टवेअर आणि एकाच जागी दोन हेडफोन लागतील अशी पिन. खोलीत ऐकू यायची ती नुसती तारांची सुकी टिकटिक. हेडफोन कानाला लावला की मात्र तीच गिटार सभागृहभर वाजायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून खोलीकडे बघितलं होतं. खोलीत काहीच झालं नव्हतं. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकूंना नाही का देत?" मी दुसरा हेडफोन पुढे केला.

"तिला पास झालेलाच माल ऐकवणार," काका म्हणाले. "ऑर्केस्ट्रा सोडला तो तिच्याशी लग्न करून इथे संसार मांडायला. तिने कधी मला स्टेजवर ऐकलेलंच नाही. आता अर्धकच्चं कशाला?"

काकू मान वर न करता म्हणाल्या, "तोवर मी टिकटिक ऐकते."

पहिला खर्च त्यांनी वाया घालवला तो भिंतींवर. वायरीतून फक्त तारांचा आवाज जातो, खोलीतला जात नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. ऐकतील तर काका कसले. नया नगरातल्या गादीवाल्याकडे मला सोबत घेऊन गेले आणि भिंतीच्या मापाच्या गाद्या मागितल्या. गादीवाला चकित. "दीवार को गद्दा? अंदर किसको बंद करना है, अंकल?" काका म्हणाले, "खुद को." त्या गाद्यांनी काही फरक पडला नाही. पाहुणे आले की काकू त्यातली एक काढून अंथरत, एवढाच उपयोग झाला.

खरा वैरी वेगळाच होता. हेडफोनमध्ये, सुरांच्या मागे, एक बारीक घूं ऐकू यायचं. विजेचं. मला ते मुद्दाम लक्ष दिलं तरच कळायचं. काकांना त्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. खुर्ची खिडकीकडे वळवली की घूं वाढायचं आणि मोरीकडे वळवली की कमी व्हायचं, म्हणून काका मोरीकडे तोंड करून वाजवू लागले. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद. फ्रिज चालू होताना टक् असा आवाज येतो म्हणून फ्रिजही बंद. उन्हाळ्यात दोनदा दूध नासलं. "पनीर करते," काकू म्हणाल्या. "कलावंताच्या घरी पनीरला तोटा नाही."

केबिन रोडवरून इलेक्ट्रिशियन आणला. त्याने बिल्डिंगचं अर्थिंगच खराब आहे म्हणून हात वर केले. तेव्हा काका मला आणि लॅपटॉपला घेऊन मुर्ध्याला गेले. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याचं तिथे स्वतंत्र घर होतं, अर्थिंग चोख. सगळं मांडलं, काकांनी पहिला सूर छेडला आणि हेडफोनमध्ये चर्र झालं. शेजारी टॉवरचं काम सुरू होतं आणि वेल्डिंग त्याच लाइनवर. सोबत्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता हितं दिवसा काय चालायचं न्हाय. खाडीपातूर बांधकाम हाय." आम्ही मासे खाल्ले आणि परत आलो. रिक्षात काका गिटार मांडीवर घेऊन बसले होते.

धून तीन भागांची होती. पहिला भाग संथ, दुसऱ्यात ती वर चढायची आणि अगदी टोकाला जाऊन थांबायची. तिसऱ्या भागात खाली येणार, असं काका सांगत. पण त्यांच्याकडे कारखान्याचा नियम होता. भांडं एका टेबलावर पास झाल्याशिवाय पुढच्या टेबलावर जात नाही. पहिले दोन भाग स्वच्छ झाल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही.

"पण तो बसलाय ना?" मी विचारलं.

"तयार आहे. एकदाच वाजवायचा, मनासारखा."

एका दुपारी वीज कशी कोण जाणे शांत होती. काकांनी दोन्ही भाग वाजवले. मी ऐकता ऐकता माझं काम, वीज, घूं सगळं विसरले. दुसऱ्या भागाच्या टोकाशी त्यांनी एक सूर इतका हळू ओढून धरला की मला डोळ्यांतलं पाणी पुसावं लागलं. काकांनी हेडफोन काढला. "आलं का ऐकू? मध्ये घूं आहे."

"मला नाही आलं."

"मला आलं. हा माल जाणार नाही." आणि त्यांनी डिलीट केलं. पाठोपाठ रिसायकल बिनही रिकामा केला. तेही दर वेळचंच होतं. नापास माल गोडाऊनमध्ये ठेवला की कधीतरी चुकून पास मालात मिसळतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी मी चिडले. "काका, ही धून आहे, पातेलं नाही."

"पातेलं असतं तर परवडलं असतं," ते हसून म्हणाले. "नापास पातेलं भट्टीत जातं, त्याचं नवं होतं." मग त्यांनी ते न वळणारं बोट दुसऱ्या हाताने चोळलं आणि खुर्ची पुन्हा मोरीकडे वळवली.

गेल्या वर्षी श्रावणात, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर, काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि काकूंनी मला हाक मारेपर्यंत संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. लॅपटॉप टेबलावर पुसून ठेवला होता. "बघ ना, त्यातलं काही लागतं का," म्हणाल्या. मी एकेक फोल्डर उघडलं. काकांनी आपलं काम चोख केलं होतं. एक सूर मागे ठेवला नव्हता. काकूंना ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. मला काकांचा राग आला. मेलेल्या माणसाचा येऊ नये, पण आला, आणि अजून मधूनमधून येतो.

"तुझ्या कानात कसं वाजायचं ते?" काकूंनी विचारलं. "मला तर नुसती टिकटिकच माहीत."

मी सांगायचा प्रयत्न केला. भरलेला आवाज होता, म्हटलं, ऊब होती त्याला, वाजून झालं तरी थोडा वेळ खोलीत थांबल्यासारखा वाटायचा. काकू एखादी गोष्ट ऐकावी तशा ऐकत होत्या. मग त्या गुणगुणू लागल्या. मला धून कधी पाठ झाली नव्हती, आवाजच तेवढा लक्षात राहिला होता. काकूंनी मात्र त्या सुक्या टिकटिकीतून सूर न् सूर उचलला होता. पहिला भाग त्यांनी सबंध गायला. दुसराही, चढत चढत, थेट टोकापर्यंत. तिथे त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

मीही त्यांच्याकडे बघत होते. त्या श्वास घेऊन पुढचं गातील म्हणून मी वाट बघत होते.

"आता तू म्हण," काकू म्हणाल्या. "शेवटचं तुला ऐकवलं असेल ना त्यांनी?"