"माझ्यासारखे अजून आहेत?"

नमस्कार मंडळी, दुपारपासून एक मुलगी डोक्यातून जात नाहीये.

काही बाळांना जन्मतः शौचाची जागाच नसते. ऑपरेशन करून ती तयार करतात. मोठी झाल्यावर ही मुलं कशी जगतात, यावर आमचं संशोधन चालू आहे. त्यासाठी आज साकोलीजवळच्या एका गावात गेले होते.

आई दारातच कुजबुजली, "काहून आल्या, मॅडम? पोरगी चांगली आहे आता. शेजारी कोणाले माहीत नाही."

"तुम्हाला नको असेल तर मी परत जाते, ताई," मी म्हटलं.

तेवढ्यात आमचं बोलणं ऐकून सहावीतली तिची मुलगी बाहेर आली. "मॅडम, माझ्यासारखे अजून आहेत?"

"आहेत ना. तुमसरकडेही आहे एक, तुझ्याच वयाची."

"तिचे पण कपडे खराब होतात कधी कधी?"

"होतात. त्यावर उपचार आहेत. आपण करू."

ती आईकडे वळली. "मले वाटलं का मीच एकटी आहो."

आईनं चटई टाकली, दार लावलं आणि म्हणाली, "बसा. तिलेच विचारा."

मुलगी खूप बोलली. कपडे खराब होतील या भीतीनं शाळेत पाणी पीत नाही, सहलीला कधी गेली नाही. निघताना म्हणाली, "त्या पोरीसंग बोलता येईल मले?"

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांना सांगितलं. तुमसरच्या मुलीच्या घरच्यांनीही होकार दिला. दोघींना तपासणीला एकाच दिवशी बोलावतोय.

मायलेकींना विचारूनच हे लिहिलंय. शिक्षक मित्रांनो, वर्गात असं पाणी न पिणारं मूल तुम्हाला दिसलंय का?