न चढलेला आवाज

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सरांना पोरं बगळा म्हणत. तास संपला की ते पालिकेच्या सभागृहात जायचे, वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसायचे आणि मान लांब करून खाली बघत राहायचे. ठरावाला हात वर करण्याआधी सदस्यांचे डोळे कुणाकडे जातात, ते बघायचे. खुर्चीवर कुणीही बसो, हात वर करण्याआधी ज्याच्याकडे बघितलं जातं तोच खरा पुढारी, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या एका गोष्टीपायी माणसानं हयात घालवली.

"आणि आपल्या घरात कुणाकडे बघतात?" बायको विचारी.

"घरात मतदान कुठे होतं?"

"कळतंय म्हणजे तुम्हाला."

सरांनी एकच पुस्तक लिहिलं, ते पालिकेच्या अध्यक्षांवर. सभेत कितीही बोंबाबोंब होवो, हा गृहस्थ आवाज चढवत नसे. चष्मा काढून टेबलावर ठेवी, डोळे चोळी, आणि मंडळी आपोआप वळणावर येत. संस्था चालवायला धाक लागत नाही, संयम पुरतो, असं सरांनी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं आणि सरांची कॉलरही जरा ताठ झाली.

मग बाजाराच्या जागेची सभा आली. जागा अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या घशात घालायचा ठराव होता. विरोधातला एक सदस्य, जन्मभर कारखान्यात लेथवर राबलेला, उभा राहिला. म्हणाला, "मतदान घ्या. कोण हात वर करतंय ते लोकांना दिसू दे."

अध्यक्षांनी चष्मा काढला.

अध्यक्षांच्या बाजूचे तिघे उठले. एकानं माइकचा लोखंडी दांडा उपसून लेथवाल्याच्या कानशिलावर घातला. तो टेबलावर कोसळला, तसं दुसऱ्यानं केसाला धरून त्याचं तोंड लाकडावर आपटलं. दात समोरच्या कागदांवर सांडले. सोडवायला धावलेल्या शिपायाच्या पोटात तिसऱ्यानं खुर्चीचा पाय खुपसला. तो तिथेच ओकला. गॅलरीतले लोक जिन्याकडे पळाले. सर जागचे हलले नाहीत. धैर्य वगैरे काही नाही, बसायची सवय. बसल्या जागी त्यांना दिसलं, की मारणारे दर फटक्याआधी अध्यक्षांकडे बघताहेत. अध्यक्ष पाणी पीत होते. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि नळ बंद करावा तसा मार थांबला.

लेथवाला दवाखान्यात शुद्धीवर न येताच गेला.

चौकशी बसली, तेव्हा सरांना साक्षीला बोलावलं ते अध्यक्षांच्याच वकिलानं. तिघांनी आपल्या रागानं मारलं, अध्यक्ष मुळात शांत, हे सांगायला सरांच्या पुस्तकाइतका भक्कम आधार कुठला? साक्षीआधी दोन माणसं पुस्तक घेऊन घरी आली. दोघंही हसतमुख, त्यातला एक दाढीवाला.

"वेगळं काही बोलायचं नाही, सर. तुमचंच पान तुम्ही वाचायचं."

"मी त्या दिवशी गॅलरीत होतो."

"ते कुणी विचारणार नाही."

"न विचारता सांगेन."

दाढीवाल्यानं पुस्तक नीट बाजूला ठेवलं, सरांचा उजवा पंजा दाराच्या फटीत दाबून धरला, आणि दुसऱ्यानं दारावर खांदा मारला. सुक्या काटक्या मोडाव्यात तशी बोटं मोडली. बायको आत इस्त्री करत होती. ती तापलेली इस्त्री तशीच उपसून, वायर फरफटत बाहेर आली आणि तिनं दार रेटणाऱ्याच्या मानेवर टेकवली. कातडं चरचरलं. तो गुरासारखा हंबरत जिना उतरला, दाढीवाला त्याच्या मागोमाग.

"अगं, भाजलंस की त्याला," सर भिंतीला टेकत म्हणाले.

"मग काय, आधी ठराव मांडू?"

सर हाताला प्लास्टर घालून आल्यावर ती म्हणाली, "अहो, आता गप्प राहिलात तरी कुणी नावं ठेवणार नाही. हात मोडलाय."

"हाताचं नाही गं. माझं पुस्तक वाचून पोरं परीक्षा देतात. मी दहशतीला संयम म्हणून बसलोय. हे सांगितलं की आयुष्यभराचं काम पाण्यात, आणि नाही सांगितलं तर तो माणूस फुकट मेला."

साक्षीच्या दिवशी तिनंच त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून दिली.

वकिलानं पान वाचलं. "वाक्य तुमचं?"

"माझं."

"अध्यक्षांनी कधी आवाज चढवला नाही. खरं की खोटं?"

"खरं. त्या दिवशीही चढवला नाही. चष्मा काढला." आणि सरांनी दिसलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं बघून तुमचं पुस्तक चुकलं?" वकील हसला.

"चुकलं. बघितलं बरोबर, अर्थ उलटा लावला. हेही लिहून घ्या."

बाहेर पायऱ्यांवर चार जणांनी त्यांना पाडलं. बुटांनी बरगड्या तुडवल्या, डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. पोलीस पोचले ते सर निपचित पडल्यावर.

अध्यक्षांवर गुन्हा दाखल झाल्याची बातमी बायकोनं त्यांना दवाखान्यात वाचून दाखवली. दुपारी प्राचार्य आले, स्टुलाच्या कडेवर टेकले आणि चाचरत म्हणाले, "पुस्तक अभ्यासक्रमातून काढावं लागेल, सर. तुम्हीच चूक म्हणालात."

"काढा. तो अर्ज मीच देणार होतो, पण हाताला प्लास्टर आहे," सर म्हणाले, आणि कूस बदलायला बायकोचा आधार मागितला.