दिव्यावरची पट्टी

आमच्या फ्लाइंग क्लबच्या दोन सीटच्या विमानात आज एका दिव्यावर काळी चिकटपट्टी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. इंजिनाचा कप्पा फार तापला की हा दिवा लागतो. आग लागण्याआधी वैमानिकाला खाली उतरायला वेळ मिळावा, एवढंच त्याचं काम.

"अहो, नुसतं उन्हात उभं असलं तरी पेटतो. डोळ्यांत खुपतो," शिकवणारे सर म्हणाले.

"मग मेकॅनिक म्हणून मी कशाला आहे? मला सांगायचं ना!" मी ओरडलोच.

काय माणसं आहोत आपण! दूध वर येतंय म्हणून आई हाका मारते तेव्हा ती कटकट वाटते, आणि उतू गेलं की तिलाच विचारतो, आधी का नाही सांगितलंस? सावध करणारा जरा जास्त बोलला की आधी त्याचं तोंड बंद करायचं.

पुटपुटत मी नखानं पट्टी खरवडून काढली. खाली आणखी एक निघाली, जुनी, पिवळी पडलेली. तिच्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, 'तात्पुरती. सेन्सर बदलणे.'

अक्षर माझंच होतं.