दुसऱ्या भागातला आवाज

भोरला शाळेत मी चित्रकला शिकवायचे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी वही घेऊन एसटीनं कुठंतरी उतरायची सवय होती. विंझरच्या वरच्या अंगाला डोंगरात सात-आठ घरांची एक वाडी आहे. तिथं मला मावशी भेटली. साठी उलटलेली, हडकुळी, वीसेक शेळ्या राखणारी. मी तिला अहोजाहो करायचे, पण आठवते ती एकेरीतच. तिची हाक घशात खोल सुरू व्हायची आणि शेवटी चिरकायची. ती ऐकून पलीकडच्या उतारावरची शेळीसुद्धा चरायची थांबायची.

तिच्यावरून मी लहान मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक केलं. धुक्यात मागं राहिलेलं एक करडू आणि त्याला हाका मारणारी म्हातारी, एवढीच गोष्ट. पुस्तक बरं चाललं. मग पुण्याच्या काही मंडळींनी टीव्हीसाठी त्याची ॲनिमेशन फिल्म करायला घेतली. म्हातारीला आवाज मावशीचाच हवा, असा हट्ट मी धरला. दोघं जण रेकॉर्डिंगचं मशिन घेऊन वाडीवर आले आणि दोन दिवस राहिले. गोष्टीतली वाक्यं तासाभरात झाली. उरलेला वेळ मावशी नुसती बोलत होती, शेळ्यांबद्दल, पावसाबद्दल, नवऱ्याच्या विसरभोळेपणाबद्दल. त्यांनी ते सगळंच भरून घेतलं.

फिल्म आम्ही शाळेच्या पडद्यावर पाहिली. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. पुढच्या वर्षी ती गेली. गोठ्यात काम करता करता बसली, ती उठलीच नाही.

त्यानंतर वर्षभरानं दुसऱ्या भागाचं ठरलं. गोष्ट मीच लिहिली. करडू आता मोठं झालंय, त्याचं पिल्लू धरणाचं पाणी बघायला खाली उतरतं आणि म्हातारी वाट बघते. म्हातारीसाठी बऱ्याच बायकांचे आवाज घेऊन पाहिले. एकही बसेना. शेवटी दिग्दर्शकाचा फोन आला. मावशीचं जुनं बोलणं भरपूर आहे, त्यावरून कॉम्प्युटर तिचा आवाज तयार करतो, मग आपण लिहू ते ती म्हणेल, घरच्यांची परवानगी तेवढी लागेल, असं तो म्हणाला.

परवानगी आणायला मी गेले. मावशीच्या नवऱ्याला मी बाबा म्हणते. मी त्यांना सांगितलं की जुन्या रेकॉर्डिंगमधून आवाज घेणार आहेत. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पुढचं मी मुद्दाम बोलले नाही. फोड करून सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते, अशी मला भीती होती. त्यांनी चष्मा लावून सावकाश सही केली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

दुसरा भाग रविवारी सकाळी लागला. बघायला मी वाडीवरच गेले. मुलगा, सून, शेजारची पोरं, सगळे खोलीत दाटीवाटीनं बसलेले. बाबा भिंतीला टेकून होते. पडद्यावर पिल्लू उतारावरून निघालं आणि म्हातारीनं हाक दिली.

भिंतीपलीकडच्या गोठ्यात एकदम हालचाल झाली. सगळ्या शेळ्या उठून ओरडायला लागल्या. मावशीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली एक म्हातारी शेळी दावं तोडून उंबऱ्यापर्यंत आली. तिनं डोकं आत घातलं. टीव्हीकडं तिनं पाहिलंही नाही. मावशी जिथं बसून भाकरी करायची, त्या कोपऱ्याकडं ती बघत राहिली. पोरं आधी हसली, मग गप्प झाली.

टीव्हीत म्हातारी पिल्लाला म्हणत होती, "सावकाश ये. म्या हितंच हाय."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "हे तिनं कवा म्हणलं?"

मी सांगितलं, "मावशी नाही म्हणाल्या, बाबा. मी लिहिलं. मशिननं त्यांच्या आवाजात म्हटलं."

"मंजी ती न्हवंच."

"नाही."

"पर आवाज तिचाच हाय."

मी मान हलवली. मुलानं शेळीला शिंगाला धरून गोठ्यात नेलं. तिचं ओरडणं फिल्म संपल्यावरही चालू होतं.

पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला. फिल्म आता रोज संध्याकाळी पाच वाजता दाखवतात आणि मामंजी शेळ्या लवकर वळवून त्या वेळेला घरी येतात, असं तिनं सांगितलं. टीव्ही लावून ते पडद्याकडं पाठ करून बसतात. म्हातारी शेळी दिवसभर उंबरा सोडत नाही, चरायला न्यावी तर अर्ध्या वाटेवरून परत फिरते. सुनेला स्वतःलाही आता चुलीपुढं बसवत नव्हतं. हाक आली की कुणीतरी मागं येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. बाबा मला घराबाहेर आंब्याखाली घेऊन गेले. मावशी गेली त्या दिवशी ते वेल्ह्याच्या बाजाराला गेले होते, हे मला माहीत होतं. निघताना दोघांचं भांडण झालं होतं, हे माहीत नव्हतं. ताडपत्री गोठ्यावर टाकायची राहिली, एवढ्याशा गोष्टीवरून. एरवी ते घराबाहेर पडले की ती मागून "सावकाश या" म्हणायची. मीसुद्धा ते कितीदा ऐकलं होतं, तिथूनच तर मी ते पिल्लासाठी उचललं होतं. त्या दिवशी ती बोलली नाही. परत आले तेव्हा अंगणात माणसं जमलेली.

"तुमी लिवलंत तर ती बोलंल," ते म्हणाले. "मला म्हनल्यासारखं लिवा."

नाही म्हणायचं मला सुचलं नाही. घरी येऊन मी दिग्दर्शकाला वाक्य पाठवलं. 'ये'चं 'या' करायचं होतं, एवढंच. दहा मिनिटांत मोबाईलवर उत्तर आलं. भर दुपारी, खिडक्या उघड्या असताना मी ते ऐकलं. त्यात थोडा राग होता. राग मी लिहिलेला नव्हता.

मी वाडीवर गेले तेव्हा बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. त्यांनी मोबाईल फोनसारखा कानाला लावला. मी बटण दाबलं.

"व्हय," ते म्हणाले आणि थांबले.

बराच वेळ तो मोबाईल त्यांच्या कानाशी तसाच होता.

"पुढं?"

"पुढं काही नाही, बाबा. मी एवढंच लिहिलं होतं."

त्यांनी मोबाईल खाली घेतला. "एवढ्यावर ती गप ऱ्हायची न्हाई. छत्री घ्या, तमाकू ईसरू नका, कायतरी म्हनायचीच." मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुसा बाई हे. अन् टीव्हीतलं बी काढाया सांगा. शेरडं येडी झाली."

मी त्यांच्यासमोरच ते पुसलं. टीव्हीतलं काढायला दोन महिने गेले. परवानगी घेताना मी पूर्ण सांगितलं नव्हतं, हे मला दिग्दर्शकाजवळ कबूल करावं लागलं. त्याला राग आला, पण त्यानं ऐकलं. म्हातारीची वाक्यं आणि हाक नव्यानं सुनेकडून म्हणून घेतली. पोरांच्या काही लक्षात आलं नाही. शेळी पुन्हा चरायला जायला लागली. बाबाही तिच्या मागून जातात. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलतात, पण मावशीचा विषय माझ्यापुढं काढत नाहीत. मीही काढत नाही.

आता मी नवं पुस्तक लिहिते आहे. त्यात कुणी म्हातारी नाही. तरी दुपारी घरात एकटी असले की लिहायच्या आधी वाक्य ऐकू येतं, आणि ते तिच्याच आवाजात. गेल्या मंगळवारी तर "बाई, दूध उतू जातंय" असं स्पष्ट ऐकलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. दूध मी सकाळीच तापवून ठेवलं होतं. तरी पातेल्याला हात लावून पाहिला.