गोदामाखालची माती

ती आग आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि आलापल्लीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पहाटे तेंदूपानांचं गोदाम पेटलं. आम्ही पोहोचेपर्यंत पोत्यांची राख झाली होती.

खबर ठेकेदाराच्या मुनशीनं दिली. साठा त्याच्याच ताब्यात असे. म्हाताऱ्या चौकीदारानं नियम मोडून दारात कंदील टांगला, तो पडला, घासलेटचा वास आपल्याला स्वतःला आला, हे मुनशीनं न विचारताच सांगितलं. विचारल्यापेक्षा जास्त सांगणारा माणूस मला कधीच आवडला नाही. पण त्या दिवशी मीही त्याच्यावर विश्वास ठेवला.

चौकीदाराची चौकशी मीच केली. दोन दिवस तेच ते प्रश्न. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कंदील मीच टांगला होता जी. माह्याच हातून लागली असंन." ठाण्यात सगळे खूश झाले. त्याची रवानगी चंद्रपूरच्या तुरुंगात झाली.

एक काम मात्र मी चोख केलं होतं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पंचनाम्याच्या वेळी हवालदार राख प्लास्टिकच्या पिशवीत भरत होता. प्लास्टिकमधून तेलाची वाफ उडून जाते, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. मी त्याला थांबवलं, पोत्यांखालची माती खणून काचेच्या बरण्यांत भरली आणि घट्ट झाकणं लावून सील केली. चौकीदाराचा घासलेटचा डबाही सोबत देऊन सगळं नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवलं. नागपूरला लोणचं पाठवताय का, अशी वरिष्ठांनी चेष्टा केली.

दीड महिन्यानं गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल आला. आलेख काही उमगेना, म्हणून स्वतःच प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या बाईंनी समजावलं, की यंत्राच्या लांब नळीतून मिश्रणातले हलके घटक आधी बाहेर पडतात, जड मागून. त्यामुळे प्रत्येक तेलाची शिखरांची रांग वेगळी दिसते. डब्यात घासलेट होतं. मातीत घासलेटचा मागमूस नव्हता. होतं ते पेट्रोल.

मग मुनशीला वास कसला आला होता?

पंप लांब, म्हणून गावात गाड्या दुरुस्त करणारे एक चाचा बाटलीनं पेट्रोल विकत. धंदा बेकायदा, त्यामुळे ते गप्प होते. चौकीदार तुरुंगात आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं. पान्याला फडकं मारून ते बोलले, "मुनशीजीकडे तर सायकल हाये, साहेब. आगीच्या आदल्या सांजले पाच बाटल्या कायले पायजे, मी तवाच इचारलं. माह्यावर बी केस करा, पण हे लिहून घ्या."

मुनशी तासभरही टिकला नाही. परस्पर विकलेल्या पोत्यांची तूट लपवायला त्यानंच आग लावली होती.

आरोपीविरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ चा अहवाल कोर्टात पाठवून चौकीदाराला सोडवलं. तुरुंगाच्या दारात मी त्याची माफी मागितली. ती त्यानं ऐकलीच नाही बहुतेक. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजे माह्या हातून नाई लागली ना, साहेब?"

दीड महिन्याहून जास्त काळ तो स्वतःलाच गुन्हेगार समजत होता, आणि ते त्याच्या मनात मी भरवलं होतं. पुढं नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ मिळाले. एकाही कबुलीवर मी तपास थांबवला नाही.