बिनकात्रीचा कोट

दाक्षायणीनं कात्री हातात घेतली की सिद्रामप्पा उठून बाहेर जात. ऊन असो, पाऊस असो. सतरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

सिद्रामप्पा विणकर. सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या घरात आतल्या खोलीत त्यांचा हातमाग होता, बाहेरच्या खोलीत लेकीचं शिलाईमशीन. मधे फक्त उंबरा. नवरा वारल्यावर दाक्षायणी विसाव्या वर्षी माहेरी आली आणि समोरच्या मौलाली मास्तरांकडं शिवण शिकली. बाप दोन महिने बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "शीव की. पण माझ्या डोळ्यांदेखत कापड कापू नको."

ते तिला लागलं होतं. कापण्यापेक्षा आखण्यातच तिचा वेळ जाई. बाहीच्या कुशीत गळ्याची पट्टी बसव, घेराच्या कोपऱ्यातून खिसा काढ. तरी चिंध्या उरत. त्यांची उशी होई, वाकळ होई, पायपुसणं होई. "दाक्षाच्या घरातनं उंदीरबी उपाशी जातोय," मास्तर म्हणत.

एकोणीसशे सत्त्याहत्तरचा भाद्रपद. चादरी परदेशी पाठवणारे आबासाहेब सोमवारी एक खोकं घेऊन आले. आत काळा कोट होता, जपानातल्या कुणा कपडे रचणाऱ्यानं केलेला. त्याला तसाच कोट सोलापुरी चादरीच्या कापडात हवा होता. कापडाचं माप त्यानं आधीच पत्रातून कळवलं होतं. सिद्रामप्पांनी ते अकरा दिवसांत विणलं होतं. निळंकाळं, जाड, दोन्ही टोकांना चादरीसारख्या गाठी मारलेलं.

"नमुना परत पाठवायचाय. एक टाका उसवायचा नाही," आबासाहेब म्हणाले. "कापड एवढंच. उरलेली चिंधीन् चिंधी मला परत पाहिजे, पत्रात तसं लिहिलंय. गुरुवारी चारला येतो. सहाच्या गाडीनं मुंबईला निघायचंय."

"आणि नाही जमलं तर?"

आबासाहेबांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. आवाज उतरवला. "जमलं तर वर्षभर ह्या मागाला काम. नाही तर मी तरी काय करू, बाई? चादरी आता सगळ्या पॉवरलूमवर निघतात. अप्पांजोगं दुसरं काम माझ्याकडं उरलेलं नाही."

मागाची खटखट केव्हाच थांबली होती. सिद्रामप्पांनी सगळं ऐकलं होतं.

गुरुवार उजाडला, तरी कोट कळला नव्हता. नवा कपडा शिंपी उसवून शिकतो. शिवण सोडायची, तुकडे कागदावर मांडायचे, कडेनं पेन्सिल फिरवायची. उसवायचंच नाही म्हटल्यावर हात बांधल्यासारखं झालं. तिनं कोट उलटा केला. पाठ कुठली, पुढा कुठला, समजेना. टाक्यासाठी जादा सोडतात ती मायासुद्धा आत कुठं दिसेना.

"माया न ठेवता शिवतो म्हणजे कच्चा गडी," मदतीला आलेले मास्तर म्हणाले.

शेवटी तिनं कोट अंगात घातला. आरशापुढं उभी राहिली. कोटाचे खांदे तिच्या खांद्यांवर नव्हते. मानेमागं एक टोक ताठ उभं होतं. पाठीवर पोकळी होती. ती आत कुठंतरी होती आणि कोट आपल्याच आकारात उभा होता. हात वर केला, तर कापड छपरासारखं उतरत गेलं. सतरा वर्षं ती कपडा अंगाला बसवत आली होती. हा बसत नव्हता, आणि तरी आत मोकळं वाटत होतं. तिला त्या मोकळेपणाचीच भीती वाटली.

"काढ ते. बुजगावणं दिसतीस, बेटी," मास्तर म्हणाले. "एक वाजला."

मास्तरांनी निळंकाळं कापड पसरलं आणि खडूनं आखायला घेतलं. पाठ. दोन पुढे. गळा. बाह्या बसेनात. पुन्हा आखलं. एक बाही बसली, दुसरीला कापड उरेना.

"कपडा कमी हाय."

"एक बोट कमी न्हाय," उंबऱ्यावरनं सिद्रामप्पा म्हणाले. "मोजून विणलंय."

"मग बाही काय तुमच्या धोतराची लावू?"

"लाव की. पन माझ्या मापाला नाव ठिवू नको."

दोन वाजले. मास्तर म्हणाले, "बाहीला जोड देऊ. काप तू. वेळ गेली तर सगळंच गेलं." एकदा कात्री चालली की मागं फिरणं नव्हतं. दुसरं कापड नव्हतं, आणि ते विणायला अकरा दिवसही नव्हते. दाक्षायणीनं कात्री उघडली. पातं काठाला टेकवलं.

सिद्रामप्पा उठले. बाहेर भुरभुर चालली होती. त्यांनी खुंटीवरची घोंगडी काढली, दुमडली, कोपरा आत सारून पावसात धनगर घेतात तशी खोळ केली आणि डोक्यावर घेऊन दाराशी गेले.

दाक्षायणीनं मान वर केली. डोक्यामागं टोक. पाठीवर पोकळी. दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर.

"अप्पा, थांबा!"

"काप तू. मग येतो."

"वळू नका. तसंच हुबं ऱ्हावा."

कात्री खाली ठेवून ती त्यांच्याजवळ गेली. घोंगडीच्या दुमडीवरनं बोट फिरवलं. मग नमुना उचलून पुन्हा उलटा केला. प्रत्येक शिवणीत काठाला काठ भिडला होता. माया नव्हती, कारण कापड कुठं कापलंच नव्हतं.

"मास्तर, ही खोळ हाय."

"धनगराची? जपानात?"

पण हाती कापड घेतल्यावर जमेना. पहिल्यांदा एक टोक वीतभर लांब आलं. दुसऱ्यांदा मानेमागचं टोक पडलं. तीन वाजले. सिद्रामप्पा खाली बसले. "मधला धागा मला ठावं हाय. हितं दुमड. कोपरा आधी आत घे, मग दुसरी बाजू." बापलेकीचे चार हात त्या कापडावर पहिल्यांदाच एकत्र फिरत होते. शेवटची गाठ बरोबर खालच्या कडेला येऊन टेकली. मास्तर ओल्या फडक्यानं आपलाच खडू पुसत बसले.

चार शिवणी. हातांसाठी दोन जागा मोकळ्या. आबासाहेब आले तेव्हा तिनं शेवटचा दोरा तोडला होता.

त्यांनी दोन्ही कोट शेजारी धरले. खालीवर पाहिलं. पसंतीची मान डोलावली. मग विचारलं, "चिंध्या?"

"नाहीत."

त्यांचा चेहरा बदलला. "बाई, कोट म्हटला की चिंध्या पडणारच. मला काय दूधखुळा समजता? पत्रात दोनदा लिहिलंय. कापड दाबून ठेवलं असेल तर पुढच्या कामासाठी अप्पांचं नाव मी त्यांना कळवणार नाही."

सिद्रामप्पांनी खाली पाहिलं. चाळीस वर्षांत कुणी त्यांच्या सुतावर संशय घेतला नव्हता.

दाक्षायणीनं ब्लेड उचललं.

"नक्को, बेटी! गाडी हाय सहाची—"

तिनं पहिली शिवण सोडली. दुसरी. तिसरी. चौथी. दोन टोकं धरून झटकलं, तर कापड जमिनीवर लांबच्या लांब पसरलं. अख्खं. आबासाहेब गुडघ्यावर बसले. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत वितींनी मोजत गेले. मग घड्याळ पाहिलं. साडेचार.

"परत होईल?" त्यांचा आवाज घाबरा होता.

"दोरा ओवू द्या."

मशीन चाललं. एकदा दोरा तुटला. तिनं तो पुन्हा ओवला. दाक्षायणीला दुष्काळाचं साल आठवलं. चिंध्यांना चिंध्या जोडून तिनं गल्लीतल्या पोरींचे परकर शिवले होते, तेव्हा कात्रीनं घेतलेली एकेक बोटभर जागा तिला दिसत होती. इथं कात्रीनं काहीच घेतलं नव्हतं. चिंध्या मागणारा बहुतेक हेच पाहत होता. कोट नको झाला तर चादर. चादर विरली तर वाकळ.

सव्वापाचला कोट पुन्हा उभा राहिला.

"कुणीतरी घालून दाखवा," आबासाहेब म्हणाले.

सिद्रामप्पा पुढं आले. कोट घालून दारात उभे राहिले. साठी उलटलेला वाकलेला माणूस त्यात ताठ दिसत होता.

"सिद्रामप्पा जपानला निघाले जणू," मास्तर म्हणाले.

सिद्रामप्पांचं लक्ष नव्हतं. ते काठावरनं हात फिरवत होते, वरपासून खालपर्यंत.

"काढा आता, अप्पा. गाडी चुकेल," आबासाहेब म्हणाले. "सोमवारी सूत पाठवतो. वर्षभर हेच विणा."

शुक्रवारी सकाळी दाक्षायणीनं कुणाच्यातरी पोलक्यासाठी कात्री काढली. सिद्रामप्पा उठले. दारात थांबले.

"ह्येला कापल्याबिगर चालत न्हाय का?"

"न्हाय अप्पा. पोलकं हाय."

"मग काप की," म्हणाले, आणि बाहेर गेले.