दोनदा दाबू नये

आर्वीला एसटी डेपोसमोरच्या दुकानात मी लग्नपत्रिका टाइप करायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुकानातला तो कॉम्प्युटरचा डबा दिवसातून एकदा तरी अडकायचाच. स्क्रीन जिथल्या तिथे, माऊस हलेना. माझे उपाय ठरलेले. आधी नमलॉक दाबून बघायचं, कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला तर जीव आहे. मग एस्केप. मग ऑल्ट-टॅब. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, तेही एकदाच, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. दोनदा दाबलं की मशीन नव्यानं सुरू, आणि सेव्ह न केलेलं सगळं साफ. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मोठी शहाणी ना!

एका दुपारी एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. घेऊन म्हणजे डोक्यात, कागद नाहीच. निमंत्रकांची नावं ते तोंडानं सांगत होते. आमच्याकडे पत्रिकेत नाव सुटलं की माणूस लग्नाला येत नाही, आणि पुढं बारशालाही नाही. त्यामुळे काका एकेक नाव जपून सांगत. सगळ्यात वर स्वतःचं, मग चुलत, मावस, साळे, जावई. साठेक नावं झाली आणि स्क्रीन अडकली. सेव्ह? अहो, सुचलंच नाही!

"काऊन थांबली, पोरी?"

"मी नाई थांबली काका, हे थांबलं."

दिवा लागत होता. एस्केप, काही नाही. ऑल्ट-टॅब, काही नाही. तीन बटणं एकदा दाबली. ढिम्म.

"माझी गाडी पाचची आहे," काका म्हणाले.

झालं, माझं डोकं फिरलं. तीच तीन बटणं पुन्हा दाबली, दणकून. स्क्रीन काळी झाली आणि मशीन नव्यानं सुरू झालं. एकही नाव उरलं नाही.

मला रडूच आलं. "काका, माझीच चूक. सगळं गेलं." आता ओरडतील म्हणून मान खाली घालून बसले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली. "लिव. पुन्हा सांगतो."

पहिलंच नाव नवीन होतं, आडनाव त्यांचंच.

"काका, हे मघाशी नव्हतं."

"मोठा भाऊ आहे माझा. शेताच्या धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून भांडलो, सात वर्षांपासून बोलणं नाई." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मघाशी रागात सांगून राह्यलो होतो. त्याले वर ठेव. माझं त्याच्या खाली टाक."